दास्तिए भावांपैकी नेमका कोण? आणि 'लिबेरासिओं'वाले रोज करायचे तरी काय? (व्याख्यानासाठी मदत हवी)

मल्हारगंज_वाचक:
नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या वाचनमंडळात पुढच्या महिन्यात फ्रान्सच्या भूमिगत लढ्यावर चाळीस मिनिटांचं व्याख्यान आहे. विषय एमान्युएल दास्तिए द ला व्हिजरी. सरदार घराण्यातला माणूस, नौदल अधिकारी, मग 'लिबेरासिओं' या भूमिगत चळवळीचा पुढारी, मग मंत्री, मग खासदार. टिपणं काढली आहेत, पण चार ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, दास्तिए नावाचे तीन भाऊ एकाच काळात वावरतात आणि वाचताना त्यांची सरमिसळ होते. दुसरं, राजेशाहीकडे ओढा असलेला माणूस कामगार संघटनांच्या आणि नंतर कम्युनिस्टांच्या जवळ कसा गेला? तिसरं, 'चळवळ उभी केली' हे वाक्य सगळीकडे आहे, पण श्रोत्यांमधून कुणी विचारलं की नेमकं करायचे काय, तर सांगायला ठोस काही हवं. चौथं, आपल्याकडच्या बेचाळीसच्या भूमिगतांशी आणि प्रतिसरकारशी तुलना करावी का?

जाणकारांनी सविस्तर लिहिलं तर फार उपकार होतील.

रामबागकर:
विषय छान निवडलात. भावांचा गुंता आधी सोडवून टाकतो.

थोरला फ्रांस्वा, जन्म १८८६, हवाई दलाचा जनरल. मधला आंरी, जन्म १८९७, कट्टर राजेशाहीवादी. तुमचा एमान्युएल धाकटा, जन्म ६ जानेवारी १९००, पॅरिस. (भावंडं आणखी होती, पण इतिहासात गल्लत होते ती या तिघांचीच.) तिघांनाही लंडनमधून लढा चालवणाऱ्या जनरल द गॉलचा 'कोंपान्यों द ला लिबेरासिओं' (मुक्तिलढ्याचा साथी) हा सन्मान मिळाला. हा सन्मान एकूण १,०३८ व्यक्तींना दिला गेला. त्यात एकाच घरातले तीन सख्खे भाऊ, म्हणून नावं एकत्र येतात आणि लोक फसतात.

सगळ्यात मोठी चूक होते ती दार्लां प्रकरणात. जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारचा ॲडमिरल दार्लां २४ डिसेंबर १९४२ रोजी अल्जियर्समध्ये मारला गेला. गोळ्या झाडणारा बोनिए द ला शापेल वीस वर्षांचा होता. त्याला दोनच दिवसांत, २६ तारखेला, गोळ्या घालण्यात आल्या. या कटात ज्याचं नाव आलं आणि ज्याला जानेवारी १९४३मध्ये दार्लांनंतर अल्जियर्सची सूत्रं घेतलेल्या जनरल जिरोच्या राजवटीने अटक केली, तो आंरी. थोरला फ्रांस्वा द गॉलचा दूत म्हणून त्याच डिसेंबरात अल्जियर्सला येऊन गेला होता, म्हणून त्याच्याकडेही बोट दाखवलं गेलं. एमान्युएल तेव्हा अल्जियर्समध्ये नव्हता. व्याख्यानात नुसतं 'दास्तिए' म्हणू नका, प्रत्येक वेळी पहिलं नाव घ्या. पडद्यावर तीन नावं, तीन जन्मसालं आणि नोव्हेंबर-डिसेंबर १९४२मध्ये कोण कुठे होता एवढा एक तक्ता ठेवलात तर निम्मे प्रश्न उठणारच नाहीत.

आता दुसरा प्रश्न. वडील बॅरन, सैन्यात अधिकारी. आई मोंतालिव्हे घराण्यातली. त्या घराण्यातला एकजण नेपोलियनचा गृहमंत्री होता आणि त्याचा मुलगा लुई-फिलिपचा. म्हणजे १९४३मध्ये एमान्युएलकडे गृहखातं आलं तेव्हा ते आजोळचंच खातं होतं! ही गोष्ट इंदूरच्या श्रोत्यांना पटकन भावेल. पिढ्यान् पिढ्या दरबारी चाकरी म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण 'सरदार लाल झाला' अशी एका वाक्याची गोष्ट करू नका. क्रम असा आहे: नौदलाची प्रबोधिनी, काही वर्षं नौदलात, तिथून बाहेर पडून पत्रकारिता. तिशीत तो भरकटलेलाच होता. अफूचं व्यसन होतं, ते त्याने पुढे सोडलं. (माळव्यात अफूचा विषय निघाला की सभा त्यातच रमते. एका वाक्यात सांगा आणि पुढे चला.) १९३९मध्ये पुन्हा नौदलात बोलावणं आलं, गुप्तवार्तेचं काम मिळालं. जून १९४०मध्ये फ्रान्स कोसळला आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचाच वर्ग, म्हणजे अधिकारी, जमीनदार, वजनदार मंडळी, मोठ्या संख्येने विशी सरकारच्या प्रमुखाच्या, मार्शल पेतांच्या मागे गेला. जे उभे राहिले ते शिक्षक, छपाई कामगार, रेल्वेवाले, कामगार संघटनांचे कार्यकर्ते. त्याला माणसं हवी होती आणि ती जिथे मिळाली तिथे तो गेला. माझ्या मते विचार बदलले ते या संगतीतून. पुस्तकं वाचून नव्हे.

पहिली तुकडी १९४०च्या अखेरीस क्लेरमों-फेरांमध्ये जमली. त्यात जां काव्हाइएस होता, गणिताच्या तत्त्वज्ञानातला मोठा अभ्यासक, पुढे १९४४च्या सुरुवातीला जर्मनांनी त्याला अरासमध्ये गोळ्या घातल्या. आणि लुसी ओब्राक, इतिहासाची शिक्षिका. तुकडीचं नाव 'ला देर्निएर कोलोन', म्हणजे शेवटची फळी. रात्री भिंतींवर पत्रकं चिकटवणं हे तिचं पहिलं काम. १९४१च्या सुरुवातीला अशाच एका मोहिमेनंतर धरपकड झाली. एमान्युएलची पुतणीही पकडली गेली आणि तुरुंगात गेली. थोडी माणसं, सगळी एकमेकांना ओळखणारी, एकाच रात्री अनेक गावांत एकच काम. अशा वेळी एक सापडला की धागा सगळ्यांपर्यंत पोचतो. त्यातून त्यांनी धडा घेतला तो असा: आधी वर्तमानपत्र काढायचं, वर्तमानपत्राभोवती माणसं जोडायची, आणि एका कप्प्यातल्याला दुसऱ्या कप्प्यातल्याचं नाव कळू द्यायचं नाही.

खिळे_आणि_शाई:
तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण छापखान्याची बाजू बहुतेक चरित्रं दोन ओळींत उरकतात. खरं काम तिथेच आहे.

'लिबेरासिओं'चा पहिला अंक जुलै १९४१चा. सुरुवातीची छपाई दहा हजारांच्या आसपास, १९४४पर्यंत दोन लाखांच्या घरात. आता हे आकडे किलोत मांडा, मग श्रोत्यांना कळेल. पातळ कागदाचं, वहीच्या पानाएवढं एक पान साधारण तीन ग्रॅम भरतं. दहा हजार प्रती म्हणजे तीस किलो, दोन सुटकेस, दोन माणसं, एक रेल्वेप्रवास. दोन लाख प्रती म्हणजे सहाशे किलो. एवढं एका ठिकाणी छापून आगगाडीने नेणं म्हणजे पोलिसांना आवतण. म्हणूनच अशी पत्रं पुढे पुढे एकाच वेळी अनेक शहरांत छापली जात. जुळवलेल्या मजकुराचा साचा किंवा पट्टी तेवढी न्यायची, ती कोटाच्या आत मावते, आणि तिथला छापखाना कागद, शाई आपलं आपलं बघतो.

क्रमाने सांगायचं तर असं:

कागद. तो नियंत्रित होता, छापखान्याला कोट्याने मिळायचा आणि हिशेब द्यावा लागायचा. सोय एकच: कायदेशीर कामात खराब प्रती जास्त दाखवायच्या आणि वाचलेला कागद बाजूला काढायचा. अधिकृत वर्तमानपत्रांतले आपले कामगार इथे कामी येत. बॅरनच्या मुलाला छपाई कामगारांच्या संघटनेची गरज का पडली याचं उत्तर इथे आहे.

जुळणी. खिळे (छपाईची धातूची अक्षरं) झिजलेले, तुटलेले असतात आणि प्रत्येक छापखान्याची ती खूण ठरते. एखाद्या अक्षराची कड उडालेली असेल तर पोलिस त्याच छापखान्याची लग्नपत्रिका शेजारी ठेवून ताडून बघत. म्हणून भूमिगत कामाला खिळ्यांची पेटी वेगळी ठेवायची किंवा जुळणी एकीकडे आणि छपाई दुसरीकडे करायची. जुळणी लगेच सोडवून टाकायची आणि तपासणीची प्रत जाळायची. कचऱ्यात पडलेल्या खराब तावाने आख्खा छापखाना जातो.

आवाज. यंत्र रात्री चाललं की शेजाऱ्याला कळतं. त्यामुळे पुष्कळ काम दिवसाढवळ्या, नेहमीच्या कामाच्या मध्ये घुसवून होत असे.

वाटप. इथे सगळ्यात जास्त माणसं गेली. छापणारे पाच असतील तर वाटणारे पाचशे, आणि प्रत्येकाकडे पुरावा हातातच. गठ्ठा रेल्वेच्या सामानात एकाने ठेवायचा, दुसऱ्याने उतरवायचा, दोघांची ओळख नको. नोव्हेंबर १९४२पर्यंत दक्षिणेत जर्मन सैन्य नव्हतं, विशीचे पोलिस होते. ११ नोव्हेंबरला जर्मन दक्षिणेतही उतरले आणि त्याच चुकीची शिक्षा तुरुंगावरून छळछावणीवर गेली. ही तारीख व्याख्यानात ठळक सांगा, नाहीतर आधीचा धोका आणि नंतरचा धोका सारखाच वाटतो.

आणि हे सगळं कशासाठी? पत्र वाचणारा हा उद्याचा निरोप्या, परवा घरात माणूस लपवणारा, त्यानंतर खोटी ओळखपत्रं आणि शिधापत्रिका बनवणारा. शिधापत्रिकेशिवाय लपलेला माणूस आठवडाभरही टिकत नाही. भूमिगत लढ्यात बंदुकीच्या आधी हा कागदच लागतो.

आणखी एक. 'लिबेरासिओं' नावाच्या दोन भूमिगत चळवळी होत्या. उत्तरेतली क्रिस्तिआं पिनोची, तिचं पत्र डिसेंबर १९४०पासून पॅरिसमधून निघायचं. दक्षिणेतली एमान्युएलची. संघटना वेगळ्या, पत्रंही वेगळी. आणि आज पॅरिसमधून याच नावाचं दैनिक निघतं ते १९७३मध्ये सुरू झालेलं, तिसरंच.

छत्रीबाग_सायंकाळ:
एक पुरवणी. गाणं वाजवणार असाल तर जपून. लंडनमध्ये १९४३मध्ये ॲना मार्लीच्या चालीवर एमान्युएलने शब्द लिहिले ते 'ला कोंप्लेंत द्यु पार्तिझां'. पुढे इंग्रजीतून लिओनार्ड कोहेनने गायलं ते हेच. सरकारी समारंभात वाजतं ते 'ल शां दे पार्तिझां' वेगळं. त्याचीही चाल मार्लीचीच, पण त्याचे फ्रेंच शब्द केसेल आणि द्र्युओं या काकापुतण्यांचे. चुकीची ध्वनिफीत लागली तर पुढचं सगळं बोलणं शंकेत जातं. एमान्युएलच्या गाण्याचा सूर हळू आणि एकट्या माणसाचा आहे, दुसरं संचलनाच्या ठेक्यावर चालतं. लावण्याआधी एक कडवं ऐकलंत तरी फरक कळेल.

मल्हारगंज_वाचक:
सगळ्यांचे मनापासून आभार. किलोंचा हिशेब तर थेट पडद्यावर टाकतो.

आता पुढचा भाग. भूमिगत माणूस मंत्री कसा झाला, आणि चर्चिलकडून शस्त्रं मिळवली म्हणतात ते कितपत खरं? शिवाय जां मूलां आणि त्याचं जमत नव्हतं असंही वाचनात येतं.

जुनी_इंदूर_नकाशे:
तारखांच्या साखळीने जाऊ या, म्हणजे मंत्रिपद आभाळातून पडल्यासारखं वाटणार नाही.

एप्रिल १९४२: दक्षिण किनाऱ्यावर आंतीबला ब्रिटिश पाणबुडी रात्री हेर उतरवायला आली, तिच्यातूनच एमान्युएल बाहेर पडला. जिब्राल्टरमार्गे लंडन, द गॉलची भेट, उन्हाळ्यात परत फ्रान्समध्ये. नोव्हेंबर १९४२: 'कोंबा' चळवळीचा आंरी फ्रने आणि हा, दोघे विमानाने पुन्हा लंडनला. (हा आंरी वेगळा, भाऊ नव्हे!) जानेवारी १९४३: दक्षिणेतल्या तीन मोठ्या चळवळी, 'कोंबा', 'लिबेरासिओं' आणि 'फ्रां-तिरर', एकत्र आल्या. अध्यक्ष जां मूलां, द गॉलने पाठवलेला प्रतिनिधी. लष्करी बाजू फ्रनेकडे, राजकीय बाजू एमान्युएलकडे, सुरक्षा आणि सामग्री 'फ्रां-तिरर'च्या जां-पिएर लेव्हीकडे.

न जमण्याचं कारण स्वभावापेक्षा व्यवहाराचं होतं. पैसा, बिनतारी यंत्रं आणि विमानं लंडनची, ती येत मूलांच्या हातून. चळवळीच्या पुढाऱ्यांचं म्हणणं, जीव आमच्या माणसांचे जातात तर हुकूम बाहेरून का? शिवाय मूलांला भूमिगत लढ्याच्या राष्ट्रीय परिषदेत जुने राजकीय पक्षही हवे होते, ते चळवळवाल्यांना पटत नव्हतं. २७ मे १९४३ रोजी पॅरिसमध्ये त्या परिषदेची पहिली बैठक झाली. पुष्कळ जण गृहीत धरतात की एमान्युएल त्या खोलीत होता. नव्हता. त्याच्या चळवळीतर्फे पास्काल कोपो बसला होता. २१ जूनला मूलां ल्योंजवळ कालुइरला पकडला गेला, त्याच घरात 'लिबेरासिओं'चा रेमों ओब्राकही सापडला. लुसीने नवऱ्याला ऑक्टोबरमध्ये कैद्यांच्या गाडीवर सशस्त्र हल्ला करवून सोडवलं. हा प्रसंग जरूर सांगा, पण तो लुसीचा आहे, एमान्युएलच्या खात्यावर टाकू नका.

नोव्हेंबर १९४३मध्ये द गॉलने अल्जियर्सच्या समितीत, म्हणजे आपल्या हंगामी सरकारात, त्याला गृहखातं दिलं. देशाबाहेर बसून देशाचं गृहखातं! काम काय, तर जर्मन निघून गेल्याच्या तासाला कुठल्या जिल्ह्यात कोण खुर्चीवर बसणार याची यादी करणं. १० जानेवारी १९४४च्या अध्यादेशाने प्रादेशिक आयुक्तांची पदं निर्माण झाली. माणसं गुपचूप नेमून ठेवली, कारण रिकामी खुर्ची दिसली असती तर अमेरिकी लष्कराने आपलं प्रशासन बसवलं असतं. ओब्राक मुक्तीनंतर मार्सेयला आयुक्त झाला तो याच व्यवस्थेतून.

चर्चिलचं खरं आहे, पण प्रमाणात सांगा. जानेवारी १९४४मध्ये न्यूमोनियातून उठलेला चर्चिल माराकेशला विश्रांती घेत होता, तिथे भेट झाली. मग २७ जानेवारीला लंडनमध्ये चर्चिलच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली. चर्चिलची शंका होती की शस्त्रं दिली तर फ्रेंच गट आपसात लढतील. एमान्युएलने हमी दिली आणि त्यानंतर शस्त्रं टाकणाऱ्या विमानफेऱ्या वाढल्या. त्याने एकट्याने शस्त्रं आणली असं मात्र नाही. दाबून ठेवलेला निर्णय वरच्या माणसाकडून सोडवून घेतला, एवढं श्रेय पक्कं.

शस्त्रं पडायची कशी, हे चित्र काढून दाखवा. पौर्णिमेच्या आगेमागे आठवडाभरच उड्डाणं, कारण वैमानिक चांदण्यात नदी बघून वाट काढायचा. बीबीसीवर ठरलेलं एक निरर्थक वाटणारं वाक्य दुपारी आलं तर तयारी, रात्री पुन्हा आलं तर आजच. शेतात दिवे धरून माणसं उभी, एकजण टॉर्चने ठरलेलं मोर्स अक्षर देणार. अक्षर चुकलं की विमान माल न टाकता परत. हॅलिफॅक्स विमानातून पंधरापर्यंत लोखंडी नळकांडी पडत, भरलेलं एकेक दीडशे किलोच्या आसपास. म्हणजे एका रात्री दोन टनांच्या वर लोखंड, आणि उजाडायच्या आत ते बैलगाड्यांतून हलवायचं, हवाई छत्र्या (पॅराशूट) पुरायच्या, नळकांडीसुद्धा गायब करायची. दहा माणसांच्या गटाला हे झेपत नाही, तीस-चाळीस लागतात. आणि तेवढ्यांना आधी कळलं की बातमी फुटायचा धोका तितकाच वाढतो. या कोंडीवर पक्का तोडगा नव्हता.

माणसं नेणारं लायसँडर विमान वेगळं. त्याला साधारण सहाशे मीटर टणक कुरण पुरे. तीन दिवे उलट्या एल आकारात: लांब बाजू दीडशे मीटर, आखूड पन्नास. पाऊस झाला असेल तर चाकं चिखलात रुततात आणि मग बैल जोडून विमान ओढावं लागतं, नाहीतर जाळून टाकावं लागतं.

रामबागकर:
वा, नकाशेसाहेबांनी मोठाच भाग उचलला. उरलेलं मी लिहितो.

सप्टेंबर १९४४मध्ये गृहखातं त्याच्याकडून गेलं, तिक्सिएकडे आलं. द गॉलने वॉशिंग्टनची राजदूतकी देऊ केली, ती त्याने नाकारली. १९४५ ते १९५८ ईल-ए-व्हिलेनमधून खासदार. कम्युनिस्टांचा साथीदार, पण पक्षाचा सभासद कधीच नाही, हा फरक सांभाळा. दुसरी पत्नी ल्युबा ही सोव्हिएत मुत्सद्दी क्रासिनची मुलगी. १९४८मध्ये हिंसेच्या प्रश्नावर लेखक अल्बेर काम्यूशी त्याचा जाहीर वाद झाला, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यात काम्यूची बाजू वरचढ ठरली. सोव्हिएत छावण्यांबद्दल एमान्युएलकडे धड उत्तर नव्हतं. हे वगळलंत तर व्याख्यान आरती होईल.

१९५७च्या आंतरराष्ट्रीय लेनिन शांतता पुरस्काराच्या यादीत तो आहे, आणि त्याच यादीत आपले सी. व्ही. रामनही आहेत. साठीच्या दशकात तो पुन्हा द गॉलच्या जवळ आला, डाव्या बाजूने. युद्धानंतर दैनिक झालेलं त्याचं 'लिबेरासिओं' नोव्हेंबर १९६४मध्ये बंद पडलं, तो गेला १२ जून १९६९ रोजी.

माणिकबागेचा (होळकरांच्या इंदूरच्या राजवाड्याचा) मोह कुणालाही होईल. यशवंतराव होळकर तिशीच्या दशकात पॅरिसच्या कलावंतांमध्ये वावरत होते आणि हाही तिथेच पत्रकारी करत होता. शहर एक होतं, काळ एक होता, तेवढंच म्हणा. भेट झाली असेल असं सूचितसुद्धा करू नका.

तुलनेबद्दल. उषा मेहतांचं गुप्त रेडिओ केंद्र १९४२मध्ये ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत टिकलं, त्याची तुलना भूमिगत पत्राशी चांगली जुळते. आवाज पोचवणं हेच काम, आणि यंत्र सापडलं की सगळं संपलं. साताऱ्याचं प्रतिसरकार मात्र वेगळं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लोकांनी १९४३ ते १९४६ गावोगाव न्यायनिवाडे केले, प्रत्यक्ष कारभार चालवला. 'लिबेरासिओं'कडे चालवायला गाव नव्हतं. तिचा कारभार कागदावर तयार होता आणि ऑगस्ट १९४४मध्ये एका झटक्यात अमलात आला. तुलना करायचीच तर या फरकावर पाच मिनिटं द्या.

वेळेची वाटणी अशी सुचवतो: घराणं आणि भाऊ सहा मिनिटं, १९४० ते १९४२ आणि छापखाना चौदा, लंडन-अल्जियर्स-शस्त्रं दहा, युद्धानंतर पाच, तुलना पाच. गाणं प्रश्नोत्तरांनंतर लावा. मध्ये लावलंत तर पुढचं कुणी ऐकत नाही.

मल्हारगंज_वाचक:
वाटणी पटली. भावांचा तक्ता, किलोंचा हिशेब आणि दिव्यांची आकृती, अशी तीनच चित्रं ठेवतो. तक्ता तयार झाला की इथेच टाकतो, तारखा एकदा डोळ्यांखालून घालाव्यात ही विनंती.